नेब्रास्का : महिला व्हॉलीबॉलची पंढरी

३० ऑगस्ट २०२३ रोजी अमेरिकेतील लिंकन शहराच्या मेमोरियल स्टेडियमवर व्हॉलीबॉलचा एक सामना झाला. एका बाजूला नेब्रास्का विद्यापीठाचा लिंकन येथील महिला संघ आणि दुसऱ्या बाजूला त्याच विद्यापीठाच्या ओमाहा शाखेचा महिला संघ. एरवी अमेरिकन फुटबॉलसाठी असलेल्या या मैदानात त्या दिवसापुरते व्हॉलीबॉलचे कोर्ट घालण्यात आले होते. सामना चुरशीचा वगैरे झाला नाही. लिंकनच्या मुलींनी तो सरळ तीन सेटमध्ये जिंकला आणि तसा तो जिंकला जाणार याविषयी कोणाला फारशी शंकाही नव्हती. तरीही दुसऱ्या दिवशी जगभरच्या क्रीडापानांवर त्याची बातमी झळकली, कारण तो पाहण्यासाठी ९२,००३ प्रेक्षक आले होते.

महिलांच्या सामन्याला लाभलेली ही विक्रमी उपस्थिती मानली गेली. त्याआधीचा आकडा बार्सिलोनाच्या कँप नू मैदानावर एप्रिल २०२२ मध्ये नोंदवला गेला होता. तेथे बार्सिलोना आणि वोल्फ्सबर्ग यांच्यातील महिला फुटबॉल सामन्याला ९१,६४८ प्रेक्षक होते. भारतीय वाचकांना मेलबर्नचा ८ मार्च २०२० चा दिवस आठवत असेल. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील महिलांच्या ट्वेन्टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यास ८६,१७४ प्रेक्षक उपस्थित होते. काटेकोर बोलायचे तर १९७१ साली मेक्सिको सिटीत झालेल्या, फिफाची मान्यता नसलेल्या महिला फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यास एक लाखाहून अधिक लोक आल्याचे सांगितले जाते. पण तो आकडा अधिकृत नोंदीत धरला जात नाही.

कँप नू किंवा मेलबर्न ही महानगरांतील मैदाने आहेत. लिंकनचे तसे नाही. मका आणि गोमांस यांवर पोसलेल्या नेब्रास्का राज्याची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार अवघी १९ लाख ६१ हजार, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या सुमारे एक-पंचमांश. राजधानी लिंकनची वस्ती तीन लाखांच्या आत. स्टेडियम भरले की ते राज्यातील तिसऱ्या क्रमांकाचे ‘शहर’ ठरते, असे तेथे गमतीने म्हटले जाते आणि हिशेब केला तर ते खरेही आहे. विद्यापीठाचे संघ ‘कॉर्नहस्कर्स’, म्हणजे मक्याची कणसे सोलणारे, या नावाने ओळखले जातात. अशा या मुलखात विद्यापीठातील मुलींच्या व्हॉलीबॉलला एवढी गर्दी का लोटते आणि हा संघ चालतो तरी कसा, हे समजून घेण्यासारखे आहे.

कायद्याने उघडलेले दार

अमेरिकन विद्यापीठांतील महिलांच्या खेळाचा इतिहास २३ जून १९७२ या तारखेपासून सांगितला जातो. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी त्या दिवशी शिक्षणविषयक कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यातील ‘टायटल नाइन’ या कलमाने सरकारी अनुदान घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत लिंगभेद करण्यास मनाई केली. कलमात खेळाचा उल्लेखही नव्हता. परंतु पुरुषांच्या संघांवर लाखो डॉलर खर्च करणाऱ्या विद्यापीठांना मुलींसाठीही संघ उभे करणे त्यामुळे भाग पडले. नेब्रास्कात १९७५ साली महिला व्हॉलीबॉलला विद्यापीठाच्या अधिकृत खेळांत स्थान मिळाले. पहिली दोन वर्षे पॅट सलिव्हन यांनी संघ सांभाळला आणि १९७७ मध्ये टेरी पेटिट प्रशिक्षक झाले.

पेटिट यांचा पिंड साहित्याचा. इंग्रजीचे अध्यापन आणि काव्यलेखन करणाऱ्या या गृहस्थांनी तेवीस वर्षे संघाला मार्गदर्शन केले. त्यांच्या कारकिर्दीत संघाने ६९४ सामने जिंकले. मात्र त्यांचे मोठे काम कोर्टाबाहेर झाले. गावोगावच्या शाळांतील मुली आणि शिक्षकांसाठी त्यांनी शिबिरे घेतली. राज्याच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवरून सामने घरोघर दिसू लागले. आपण पाहतो तो खेळ आपल्या मुलीलाही खेळता येईल, असे शेतकरी कुटुंबांना वाटू लागले, ते या काळात.

या कामाचे मोल समजण्यासाठी एक आकडेवारी पुरेशी आहे. विद्यापीठीय खेळांचे नियमन करणाऱ्या ‘एनसीएए’ने महिला व्हॉलीबॉलची राष्ट्रीय स्पर्धा १९८१ मध्ये सुरू केली. तेव्हापासून १९९४ पर्यंतच्या चौदा विजेतेपदांपैकी टेक्सासने १९८८ मध्ये मिळवलेले एक वगळता बाकीची तेराही कॅलिफोर्निया आणि हवाईतील संघांकडे गेली. व्हॉलीबॉल हा समुद्रकिनाऱ्याचा खेळ समजला जाई. नेब्रास्काला १९८६ आणि १९८९ मध्ये अंतिम सामन्यात हार पत्करावी लागली. अखेर १९९५ मध्ये टेक्सासला हरवून पेटिट यांच्या संघाने विजेतेपद पटकावले.

खेळाडू येतात कोठून?

आपल्याकडे विद्यापीठाचा संघ म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून निवडलेल्या खेळाडूंचा चमू. निवड चाचणी, काही दिवसांचे सराव शिबिर, मग पश्चिम विभागीय आणि त्यात यश आले तर अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, असा त्याचा प्रवास असतो. स्पर्धा संपली की संघही पांगतो. अमेरिकेत हा क्रम उलटा आहे. तेथे खेळाडू आधी हेरला जातो आणि नंतर तो विद्यार्थी म्हणून विद्यापीठात येतो. संघ बारा महिने अस्तित्वात असतो.

ही निवड शाळेतच सुरू होते. अमेरिकेत शालेय स्तरावर साडेचार लाखांहून अधिक मुली व्हॉलीबॉल खेळतात. बास्केटबॉलला हा खेळ केव्हाच मागे टाकून गेला आहे. शाळेचा हंगाम संपला की या मुली खासगी क्लबांकडून खेळतात. क्लबचे शुल्क पालकांना भरावे लागते आणि ते कमी नसते. या क्लब स्पर्धांना देशभरातील विद्यापीठांचे प्रशिक्षक हजेरी लावतात. पूर्वी आठवी-नववीतील मुलींकडूनही शब्द घेतला जाई. त्याला आळा घालण्यासाठी २०१९ मध्ये नियम झाला आणि मुलीची दहावी पूर्ण झाल्यानंतरच्या १५ जूनपूर्वी प्रशिक्षकाने तिच्याशी थेट बोलणी करण्यास बंदी आली. त्या दिवशी नामवंत खेळाडूंचे दूरध्वनी मध्यरात्रीपासून खणखणू लागतात.

नेब्रास्काचा फायदा असा की राज्यातील मुलीला बोलावण्यासाठी फार शब्द खर्चावे लागत नाहीत. जॉर्डन लार्सन हे त्याचे ठळक उदाहरण. हजाराहूनही कमी वस्तीच्या हूपर गावची ही मुलगी २००५ ते २००८ या काळात विद्यापीठाकडून खेळली. पुढे तिने चार ऑलिम्पिक स्पर्धांत चार पदके मिळवली. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेने प्रथमच महिला व्हॉलीबॉलचे सुवर्ण जिंकले, तेव्हा स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूही तीच ठरली. त्या संघात लिबेरो जस्टिन वाँग-ओरान्टेस आणि केल्सी रॉबिन्सन या नेब्रास्काच्या आणखी दोन माजी खेळाडू होत्या. लार्सन २०२३ मध्ये आपल्याच विद्यापीठात सहायक प्रशिक्षक म्हणून परतली.

राज्याशी असलेली ही नाळ सांभाळण्यासाठी विद्यापीठ एक साधी गोष्ट करते. वसंत ऋतूत एक प्रदर्शनीय सामना लिंकनबाहेर खेळवला जातो. २०२३ मध्ये तो सेंट्रल सिटी या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावी झाला. मोठ्या सामन्यांची तिकिटे ज्यांना मिळत नाहीत, त्यांच्या दारी संघ स्वतः जातो.

वर्षाचे गणित

हंगाम ऑगस्टअखेरीस सुरू होतो आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास संपतो. नियमित हंगामात तीसच्या आसपास सामने होतात. त्यानंतर ६४ संघांची राष्ट्रीय बाद स्पर्धा. वरच्या १६ मानांकित संघांना पहिल्या दोन फेऱ्या घरच्या कोर्टवर खेळण्याची सवलत असते, म्हणून नियमित हंगामातील प्रत्येक पराभव महागात पडतो. उपांत्य आणि अंतिम सामना आधीच ठरलेल्या एका शहरात होतो.

खेळाडू हे विद्यार्थीही असल्याने सरावाच्या तासांवर मर्यादा आहे. हंगामात आठवड्याला २० तास, दिवसाला चार तास आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. सामन्याचा दिवस तीन तासांचा धरला जातो, मग तो पाच सेट चालो वा तीन. व्यायामशाळेतील सक्तीचा वेळ आणि प्रतिस्पर्ध्यांच्या चित्रफिती पाहण्याच्या बैठका यातच मोजल्या जातात. प्रवास, उपचार आणि अभ्यासिकेतील तास मात्र मोजले जात नाहीत. त्यामुळे नियम कागदावर वाचताना वाटतो तेवढा हलका राहत नाही. सत्रात किमान बारा श्रेयांकांचे शिक्षण घेणे आणि ठरावीक गुण राखणे बंधनकारक असते. गुण घसरले तर खेळता येत नाही.

प्रवासाचा प्रश्न अलीकडे अधिक बिकट झाला आहे. नेब्रास्का २०११ पासून ‘बिग टेन’ या विद्यापीठ संघटनेच्या साखळीत खेळते. ऑगस्ट २०२४ मध्ये लॉस एंजेलिसमधील दोन विद्यापीठांसह पॅसिफिक किनाऱ्यावरील चार विद्यापीठे या संघटनेत आली आणि सदस्यसंख्या १८ झाली. नावातील ‘टेन’चा अर्थ कोणी विचारू नये. एका बाजूला न्यू जर्सी आणि दुसऱ्या बाजूला लॉस एंजेलिस, दोन्हीकडे लिंकनपासून सुमारे दोन हजार किलोमीटर. दूरचित्रवाणीचे हक्क डोळ्यांपुढे ठेवून, मुख्यतः फुटबॉलसाठी, झालेल्या या फेररचनेत व्हॉलीबॉलच्या मुलींचे वर्ग बुडतात याचा विचार कितपत झाला, हा प्रश्न अमेरिकेतही विचारला गेला.

संघाची बांधणी विद्यापीठीय नियमांमुळे थोडी वेगळी होते. आंतरराष्ट्रीय सामन्यात एका सेटमध्ये सहा बदल करता येतात, तर येथे पंधरा. लिबेरो ही बचावाची खास खेळाडू आंतरराष्ट्रीय सामन्यात सर्व्हिस करू शकत नाही. येथे तिला एका क्रमात ती करता येते. २०२४ पासून तर दोन लिबेरो ठेवण्याची मुभा मिळाली. साहजिकच उंच मुलीने नेटवर खेळून मागे गेल्यावर बाहेर यायचे आणि तिच्या जागी बचावात तरबेज मुलीने उतरायचे, हे सर्रास घडते. बुटक्या पण चपळ मुलींना या व्यवस्थेत मानाचे स्थान आहे. अशा खेळाडूला आपण शेवटच्या क्षणी घेऊ शकत नाही. ती आधीपासून हेरून, शिष्यवृत्ती देऊन आणावी लागते.

संघामागे उभी असलेली माणसे मोजली तर ती खेळाडूंच्या संख्येच्या जवळपास जातात. मुख्य प्रशिक्षक, सहायक प्रशिक्षक, सामन्याची आकडेवारी टिपणारे तंत्रज्ञ, शारीरिक तंदुरुस्तीचे प्रशिक्षक, उपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, शैक्षणिक सल्लागार. वजने उचलण्याचा शास्त्रशुद्ध व्यायाम विद्यापीठीय खेळात रूढ करण्याचे श्रेय नेब्रास्कालाच दिले जाते. बॉइड एप्ली यांनी १९६९ मध्ये तेथे फुटबॉलपटूंसाठी त्याची सुरुवात केली आणि त्याचा लाभ पुढे मुलींच्या संघालाही झाला.

कुक यांची पंचवीस वर्षे

पेटिट यांच्यानंतर २००० मध्ये जॉन कुक यांनी सूत्रे स्वीकारली. ते आधी विस्कॉन्सिनचे प्रशिक्षक होते. पहिल्याच हंगामात संघाने ३४ पैकी ३४ सामने जिंकून विजेतेपद मिळवले. त्यानंतर २००६, २०१५ आणि २०१७ मध्ये आणखी तीन. पेटिट यांचे एक धरून विजेतेपदे पाच झाली. योगायोग असा की ज्या खेळासाठी हे राज्य वेडे आहे, त्या फुटबॉलमध्येही विद्यापीठाची राष्ट्रीय विजेतेपदे पाचच आहेत आणि त्यातले शेवटचे १९९७ चे. गेल्या पाव शतकात राज्याला जिंकण्याचा आनंद मिळवून देण्याची जबाबदारी मुलींवर येऊन पडली, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

२००१ पासून संघाच्या घरच्या नियमित सामन्यांची सर्व तिकिटे विकली जात आली आहेत. अशा सामन्यांची संख्या तीनशेच्या पुढे गेली आहे. सुरुवातीचे घर होते १९२६ मध्ये बांधलेले कोलिझियम. तेथे जेमतेम चार हजार लोक मावत आणि पहिल्या रांगेतले प्रेक्षक कोर्टच्या रेषेला जवळजवळ टेकलेले असत. २०१३ मध्ये संघ नूतनीकरण केलेल्या बॉब डेव्हनी क्रीडासंकुलात गेला. आसने दुपटीने वाढली, तरी तिकिटांची टंचाई संपली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये विस्कॉन्सिनने १६,८३३ प्रेक्षकांचा नियमित हंगामातील विक्रम केला. पुढच्याच वर्षी मेमोरियल स्टेडियमचा घाट घातला गेला आणि त्याची गोष्ट सुरुवातीला आलीच आहे.

कुक यांच्या वाट्याला दुःखेही आली. २०१८ मध्ये स्टॅनफर्डकडून आणि २०२१ मध्ये विस्कॉन्सिनकडून, दोन्ही वेळा अंतिम सामन्यात पाचव्या सेटमध्ये हार. विक्रमी प्रेक्षकांच्या २०२३ या वर्षीही अंतिम सामन्यात टेक्सासने सरळ तीन सेटमध्ये हरवले. २०२४ च्या उपांत्य सामन्यात पहिले दोन सेट जिंकूनही पेन स्टेटपुढे संघ कोसळला. नेब्रास्काकडून ७२२ विजय आणि १०३ पराभव अशी नोंद मागे ठेवून कुक जानेवारी २०२५ मध्ये निवृत्त झाले.

कमाई कोणाची, वाटा कोणाचा?

अमेरिकन विद्यापीठांत फुटबॉल आणि पुरुषांचे बास्केटबॉल कमावतात आणि बाकीचे खेळ त्यावर जगतात, हा सर्वमान्य समज आहे आणि बहुतेक ठिकाणी तो खराही आहे. नेब्रास्काचा महिला व्हॉलीबॉल संघ त्याला अपवाद ठरला. स्वतःचा खर्च भागवून वर शिल्लक टाकणारे महिला संघ देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांत त्याची गणना होते.

या पैशातले खेळाडूंना काय मिळे? दीर्घकाळ उत्तर एकच होते : शिष्यवृत्ती. प्रत्येक संघाला बारा पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. त्यात शुल्क, निवास, भोजन आणि पुस्तके येत. त्यापलीकडे एक डॉलर घेणेही नियमबाह्य होते. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचे नाव आणि छायाचित्र जाहिरातीसाठी देऊन पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षापासून, एक वर्ष खेळाबाहेर न बसता, विद्यापीठ बदलणेही सोपे झाले. गावच्या शाळेतून हेरून चार वर्षे घडवायची, हे जुने सूत्र त्यामुळे सैल झाले. तयार खेळाडू दुसरीकडून आणता येतो, तसाच आपला तयार खेळाडू जाऊही शकतो.

खरी उलथापालथ ६ जून २०२५ रोजी झाली. माजी खेळाडूंनी दाखल केलेल्या दाव्यातील तडजोडीला न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी त्या दिवशी मान्यता दिली. तीनुसार २०२५-२६ या वर्षापासून प्रत्येक विद्यापीठाला आपल्या उत्पन्नातील दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंतची रक्कम थेट खेळाडूंमध्ये वाटता येते. शिष्यवृत्तीच्या संख्येवरील मर्यादा गेली आणि तिच्या जागी संघाच्या आकारावर मर्यादा आली. महिला व्हॉलीबॉलसाठी ती १८ खेळाडूंची आहे. वरवर पाहता बाराऐवजी अठरा मुलींना पूर्ण शिष्यवृत्ती मिळू शकते. परंतु ही रक्कम कोणत्या खेळाला किती द्यायची, हे ठरवण्याचा अधिकार विद्यापीठाकडे आहे. गेल्या वर्षांच्या भरपाईपोटी ठरलेल्या २८० कोटी डॉलरच्या वाटपाचे सूत्र पाहिले तर कल कळतो. सुमारे तीन-चतुर्थांश रक्कम फुटबॉलपटूंना, सुमारे १५ टक्के पुरुषांच्या बास्केटबॉलला, सुमारे पाच टक्के महिलांच्या बास्केटबॉलला आणि उरलेले पाच टक्के बाकी सर्वांना. व्हॉलीबॉल त्या ‘बाकी सर्वां’त येते.

या भरपाई-सूत्राविरुद्ध काही महिला खेळाडूंनी जून २०२५ मध्येच वरच्या न्यायालयात दाद मागितली. त्यांचा आधार होता तोच १९७२ चा टायटल नाइन कायदा. ज्या कलमाने संघ जन्माला घातले, त्याच कलमाचा हवाला देऊन कमाईतला वाटा मागण्याची वेळ अर्ध्या शतकानंतर आली आहे. बहुतेक महिला संघांपुढे ‘तुमच्या खेळातून उत्पन्न कोठे आहे?’ हा प्रश्न टाकून वाद मिटवता येतो. नेब्रास्काबाबत तसे करणे अवघड आहे.

घरची लेक

कुक यांच्या जागी आलेल्या डॅनी बसबूम केली या नेब्रास्कातल्याच. २००६ च्या विजेत्या संघात त्या खेळल्या, २०१५ च्या विजेत्या संघाच्या सहायक प्रशिक्षक होत्या. नंतर लुईव्हिल विद्यापीठाच्या संघाला त्यांनी २०२२ आणि २०२४ मध्ये अंतिम फेरीत नेले. महिलांच्या या स्पर्धेत २०२३ पर्यंत एकाही महिला मुख्य प्रशिक्षकाच्या नावावर विजेतेपद नव्हते, ही नोंद थक्क करणारी आहे. २०२४ च्या अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंना महिला प्रशिक्षक असल्याने हा इतिहास बदलणार हे आधीच निश्चित होते. तो बदलला पेन स्टेटच्या केटी शूमाकर-कॉली यांनी, स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेत असताना; पराभूत बाजूला होत्या बसबूम केली.

त्यानंतर महिन्या-दीड महिन्यातच त्या लिंकनला परतल्या. डेव्हनी संकुलातील कोर्टच्या दालनाला आता जॉन कुक यांचे नाव आहे. नव्या प्रशिक्षकांच्या पहिल्या नियमित हंगामात, २०२५ मध्ये, संघाने एकही सामना गमावला नाही. डिसेंबरमध्ये विभागीय अंतिम सामन्यात मात्र टेक्सास ए अँड एमने घरच्याच प्रेक्षकांसमोर पाच सेटमध्ये धक्का दिला आणि पुढे राष्ट्रीय विजेतेपदही मिळवले. नेब्रास्काचे शेवटचे विजेतेपद २०१७ चेच राहिले.